चंद्रतालच्या काठावर उजाडण्यापूर्वी: पाणी, प्रकाश आणि आदल्या दिवसाची तयारी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सप्टेंबरच्या अखेरीस आपण स्पितीमार्गे हिमाचल प्रदेशातल्या चंद्रताल या उंचावरच्या तळ्याला जाणार आहात, तळ्यावर एकच पहाट मिळणार आहे आणि सूर्य उगवण्यापूर्वीच्या प्रकाशात शिखरांचे प्रतिबिंब टिपायचे आहे. यापूर्वी एका डोंगरी तळ्यावर घेतलेली छायाचित्रे कॅमेऱ्याच्या पडद्यावर छान दिसली, पण घरी संगणकावर उघडल्यावर ती अंधारी निघाली. काठाचे दगड अगदी स्पष्ट आले होते, मात्र पाण्यातला डोंगर अस्पष्ट आणि धुरकट होता. तळ्यावर किती वाजता पोहोचावे, सेटिंग काय ठेवावीत, फिल्टर घ्यावेत का, १६-३५ आणि ७०-२०० मिलिमीटरच्या लेन्सपैकी कोणती न्यावी आणि काठावर नेमके कुठे उभे राहावे, असे आपण विचारले आहे.

सेटिंगचे आकडे पुढे देतोच; परंतु पहाटेचे छायाचित्र बिघडते ते बहुतेक वेळा सेटिंगमुळे नव्हे, तर काठावर पोहोचल्यावर निर्णय घ्यायला सुरुवात केल्यामुळे. याचे कारण समजण्यासाठी त्या वेळी प्रकाश किती वेगाने वाढतो ते पाहिले पाहिजे. सप्टेंबरच्या अखेरीस चंद्रतालच्या परिसरात गणिती सूर्योदय (मध्ये डोंगर नसते तर दिसला असता तो) सहा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास होतो. बत्तीस-साडेबत्तीस अक्षांशावर, संपाताच्या (दिवस-रात्र समान असण्याच्या) आसपासच्या दिवसांत, सूर्य क्षितिजाखालून तासाला साधारण साडेबारा अंश वर येतो. त्या हिशेबाने तो क्षितिजाखाली अठरा अंशांवर असताना सुरू होणारा खगोलीय संधिप्रकाश पावणेपाचनंतर लगेच, बारा अंशांवरचा नाविक संधिप्रकाश सव्वापाचच्या सुमारास आणि सहा अंशांवरचा नागरी संधिप्रकाश पावणेसहाच्या आसपास सुरू होतो. सव्वापाच ते सहा या पाऊण तासात उघड्यावरचा प्रकाश दर तीन ते चार मिनिटांनी दुप्पट होत जातो. आपल्या डोळ्यांना हे जाणवत नाही, कारण डोळे त्या वेगाशी जुळवून घेतात. कॅमेरा मात्र जुळवून घेत नाही. ट्रायपॉड उचलून वीस पावले पलीकडे नेला, पुन्हा समतल केला आणि फोकस लावला, तर तेवढ्यात एक-दोन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे) फरक पडलेला असतो आणि ज्या रंगासाठी जागा बदलली तो रंगही बहुधा सरकलेला असतो. म्हणून चौकट आदल्या दिवशी ठरवावी आणि पहाटे फक्त ती अंमलात आणावी, हे माझे पहिले आणि सर्वांत आग्रहाचे सांगणे आहे.

आदल्या दिवशी दुपारी तळ्याला पूर्ण फेरी मारावी. त्या वेळी वारा असेल, पाणी तरंगांनी भरलेले असेल आणि प्रतिबिंबाचा मागमूसही नसेल, तरी त्याने खचून जाऊ नये, कारण ही फेरी दिशा, काठाचा उतार आणि तळाचा रंग पाहण्यासाठी आहे. चंद्रताल हे चंद्रा नदीच्या पूर्वेच्या अंगाला आहे. लाहौल आणि स्पिती यांना वेगळे करणारी कुंझुमची रांग त्याच्या पूर्वेला उभी आहे, तर नदीपलीकडे पश्चिमेला चंद्रभागा रांगेची सहा हजार मीटरच्या आसपासची बर्फाच्छादित शिखरे आहेत. पहाटेची आस लागलेला माणूस स्वाभाविकपणे पूर्वेला तोंड करून उभा राहतो. इथे ते टाळावे. पूर्वेचा डोंगर काळाच राहतो आणि त्याच्या मागचे आकाश इतक्या लवकर उजळते की दोन्ही एका चौकटीत बसत नाहीत. खरे नाट्य पश्चिमेकडे घडते. सूर्योदयाच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी त्या बाजूच्या आकाशात खाली राखाडी-निळी आणि तिच्या वर गुलाबी अशी पट्टी दिसू लागते. खालची राखाडी पट्टी म्हणजे पृथ्वीची स्वतःची वातावरणावर पडलेली सावली होय. सूर्य वर येतो तशी ही सावली खाली उतरते, तिच्यामागून गुलाबी पट्टीही उतरते आणि ती शिखरांना टेकते त्याच सुमारास शिखरांच्या माथ्यावर पहिला तांबूस रंग चढतो. तळे त्या वेळी कुंझुमच्या सावलीतच असते. चौकट पश्चिमेकडे, नैर्ऋत्येकडे किंवा वायव्येकडे तोंड करून आखली, तर ही सगळी मिनिटे कामी येतात.

आता पाण्याकडे वळतो, कारण आपल्या तक्रारीचे मूळ तिथे आहे आणि या विषयावर बरेच गैरसमजही आहेत.

पहिला गैरसमज असा की स्वच्छ प्रतिबिंबासाठी सगळे तळे आरशासारखे शांत असावे लागते. भूमिती वेगळे सांगते. समजा एखादे शिखर क्षितिजापासून दहा अंश उंचीवर दिसते. त्या शिखराचा किरण पाण्यावर दहा अंशांच्या कोनात येतो आणि त्याच कोनात उसळून कॅमेऱ्यात शिरतो. कॅमेरा पाण्यापासून दीड मीटर उंच असेल, तर हा किरण कॅमेऱ्यापासून सुमारे साडेआठ मीटरवर पाण्याला लागलेला असतो. कॅमेरा पाण्यापासून तीस सेंटिमीटरवर आणला, तर हेच अंतर पावणेदोन मीटरपर्यंत खाली येते. म्हणजे तळे जवळजवळ एक किलोमीटर लांब असले, तरी आपल्या छायाचित्रातले शिखर आपल्या पायांसमोरच्या काही मीटर पाण्यातच उमटते; दूरच्या पाण्यात उमटतात ते समोरच्या काठाचे आणि डोंगरांच्या पायथ्याचे भाग. त्यामुळे मधल्या पाण्यावर तरंग असले तरी हरकत नाही. शोधायची असते ती काठाची लहानशी आत वळलेली जागा, जिच्या वाऱ्याच्या बाजूला एखादा उंचवटा किंवा दगडांची रास आहे आणि जिथे ओढ्याचे पाणी येऊन मिळत नाही. कॅमेरा खाली आणला की ती जागा अंगणाएवढी असली तरी पुरते. दुपारच्या फेरीत हेच पाहावे: वारा असताना काठाजवळचे कोणते पाणी त्यातल्या त्यात कमी हलते आहे? जे पाणी दुपारी थोडे हलते, ते पहाटे बहुधा पूर्ण स्थिर असते.

दुसरा गैरसमज असा की कॅमेरा खाली नेला की प्रतिबिंब अधिक उजळ होते. दूरच्या शिखराच्या बाबतीत तसे होत नाही. पाणी किती प्रकाश परत देते ते फक्त किरणाच्या कोनावर ठरते आणि दूरच्या शिखराचा कोन कॅमेरा वर-खाली केल्याने बदलत नाही. पाच अंशांच्या तिरक्या किरणातला निम्म्याहून थोडा अधिक प्रकाश पाणी परत देते, दहा अंशांना साधारण एक तृतीयांश, पंधरा अंशांना एक पंचमांश आणि तीस अंशांना जेमतेम सहा टक्के. याचा अर्थ क्षितिजाजवळच्या आकाशाचे प्रतिबिंब मूळ आकाशापेक्षा एक स्टॉप गडद, शिखराच्या माथ्याचे सुमारे दीड स्टॉप गडद आणि त्याहून उंच आकाशाचे दोन ते चार स्टॉप गडद असते. चौकटीच्या तळाशी पाणी काळोखे होत जाते ते यामुळेच.

मग कॅमेरा खाली का न्यावा? दोन कारणांसाठी. एक वर सांगितलेच, शांत पाण्याची गरज कमी होते. दुसरे असे की प्रतिबिंब म्हणजे समोरच्या दृश्याची उलटी प्रत नव्हे. कॅमेरा पाण्याच्या जितका वर आहे तितकाच पाण्याखाली ठेवून पाहिले असता जे दिसेल, ते दृश्य पाण्यात उमटते. त्यामुळे समोरच्या काठावर मध्येच एखादी टेकडी असेल, तर प्रत्यक्षात तिच्या डोक्यावरून दिसणारे शिखर प्रतिबिंबात तिच्या आड अधिक दडते. उंचवट्यावर उभे राहून घेतलेल्या छायाचित्रात वर शिखर पूर्ण आणि पाण्यात त्याचा फक्त शेंडा दिसतो, ते याच कारणाने. कॅमेरा जितका खाली, तितका हा फरक कमी होतो. चंद्रतालभोवती तपकिरी, उघड्या, गोलसर टेकड्या आहेत. म्हणून इथे ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. काठावर उकिडवे बसून आणि उभे राहून, असे दोन्ही प्रकारे पाहावे आणि शिखर किती कापले जाते ते आदल्या दिवशीच मनात नोंदवावे.

आपल्या छायाचित्रातला पाण्यातला डोंगर अस्पष्ट आला, त्याचे एक कारण फोकस असणार असे मला वाटते. पाण्याच्या पृष्ठभागावर किंवा काठाच्या दगडावर फोकस केला म्हणजे त्या पृष्ठभागात दिसणारे प्रतिबिंबही स्पष्ट येईल असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात लेन्सच्या दृष्टीने प्रतिबिंबाचे अंतर म्हणजे कॅमेऱ्यापासून पाण्यापर्यंतचे आणि पाण्यापासून शिखरापर्यंतचे अंतर मिळून होते. म्हणजे प्रतिबिंब अनंतावर असते. दगड दोन मीटरवर आणि त्याच्या शेजारच्याच पाण्यात दिसणारे शिखर कित्येक किलोमीटरवर, अशी ही स्थिती आहे. एफ २.८ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) मोठे ठेवून, दगडावर फोकस केला, तर शिखर आणि त्याचे प्रतिबिंब दोन्ही अस्पष्ट होणार हे ठरलेलेच. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २० मिलिमीटर आणि एफ ८ ठेवल्यास सुमारे पावणेदोन मीटरवर केलेला फोकस जवळच्या एका मीटरपासून अनंतापर्यंत चालून जातो, पण मोठ्या छपाईसाठी मी त्यावर विसंबत नाही. एक छायाचित्र अनंतावर आणि एक काठाच्या दगडावर असे दोन फोकस लागोपाठ घेऊन नंतर जोडणे अधिक खात्रीचे असते. अंधारात ऑटोफोकस बंद ठेवावा, लाइव्ह व्ह्यू (पडद्यावरचे थेट दृश्य) पूर्ण मोठा करून एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर हाताने फोकस करावा आणि ताऱ्याचा ठिपका सर्वांत बारीक होईल तिथे फोकसचे वलय चिकटपट्टीने बांधून टाकावे. हातमोजे घातलेल्या हाताचा धक्का लागून ते वलय कधी सरकते हे अंधारात कळत नाही.

वाऱ्याबद्दल थोडे सांगतो. रात्री उतारांवरची हवा थंड आणि जड होऊन खाली वाहते, ती तळ्याच्या खोलगट भागात साचते आणि पहाटेपर्यंत वारा बहुधा पडतो. शिखरांवर आणि उतारांवर ऊन आले की तिथली हवा तापून वर चढू लागते आणि खालची हवा तिच्या जागी धावते. म्हणूनच लाहौल-स्पितीत दुपारी वाऱ्याचा इतका जोर असतो. आपल्यासाठी याचा अर्थ एवढाच की ऊन तळ्यावर पोहोचेपर्यंतचा काळ हा आपला काळ आहे. तरीही मधूनच एखादी झुळूक येतेच आणि तिथे तीस सेकंदांचे एक्स्पोजर (सेन्सरवर प्रकाश पडू देण्याचा काळ) घात करते. पाण्याचा पृष्ठभाग एका अंशाने कलला तर परावर्तित किरण दोन अंशांनी वळतो. एवढ्या तिरक्या कोनातून पाहताना त्याने प्रतिबिंब उभे ताणले जाते. दीर्घ एक्स्पोजरमध्ये असे शेकडो तरंग एकावर एक चढतात. पाणी त्यामुळे गुळगुळीत दिसते खरे, पण शिखराची धार नाहीशी होते. आपण ज्याला धुरकट म्हणता ते बहुधा हेच. पाणी गुळगुळीत करण्यासाठी एक्स्पोजर लांबवण्याचा सल्ला समुद्रकाठी योग्य असेल. डोंगरी तळ्यावर मला तो मान्य नाही. इथे आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) ८०० किंवा १६०० पर्यंत चढवावा, एक्स्पोजर दोन ते चार सेकंदांवर आणावे आणि झुळूक जाऊन पाणी निवळण्याची वाट पाहून तेवढे क्षण पकडावेत. थंडीत कॅमेऱ्याचा सेन्सर या बाबतीत साथ देतो: त्याचे तापमान दर सहा-आठ अंशांनी उतरले की उष्णतेमुळे होणारा नॉइज (छायाचित्रातले नको असलेले दाणे) जवळजवळ निम्मा होतो. त्यामुळे शून्याखालच्या हवेत लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवायला हरकत नाही. ते चालू असेल, तर प्रत्येक छायाचित्रानंतर कॅमेरा तितकाच वेळ अडकून बसतो आणि इथे तेवढा वेळ कोणाकडेच नसतो.

एक्स्पोजरचे अंदाज असे. नागरी संधिप्रकाश सुरू होताना, म्हणजे पावणेसहाच्या आसपास, एफ ८ आणि आयएसओ १०० वर साधारण ३० सेकंद लागतात. दहा मिनिटांनी त्याच अ‍ॅपर्चर-आयएसओला चार सेकंद पुरतात आणि सूर्योदयाच्या सुमारास पाव ते अर्धा सेकंद. वाऱ्यासाठी वर सुचवलेला आयएसओ घेतला, तर त्याच हिशेबाने एक्स्पोजर कमी करावे. हे आरंभबिंदू आहेत. त्यांच्यावर नव्हे, तर हिस्टोग्रामवर (डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातल्या आलेखावर) विश्वास ठेवावा. पडद्यावर छान दिसलेली छायाचित्रे घरी अंधारी निघाली, याचे कारण कॅमेऱ्याचा पडदा हेच आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना मंद छायाचित्रही झगझगीत दिसते. पडद्याची चमक किमान ठेवावी आणि प्रत्येक बदलानंतर तिन्ही रंगांचा स्वतंत्र हिस्टोग्राम पाहावा. या वेळी निळा रंग सर्वांत आधी उजव्या टोकाला भिडतो, तर तांबडा बराच मागे रेंगाळतो. एकत्रित हिस्टोग्राम पाहिला तर हे लपून जाते. निळा टोकाला टेकणार नाही इतपत छायाचित्र उजळ घ्यावे आणि घरी आल्यावर उतरवावे. अंधारे घेऊन नंतर उजळवले, तर पाण्याच्या गडद भागात नॉइज आणि रंगीत डाग वर येतात, जे झाकायला कोणतेही सॉफ्टवेअर पुरेसे पडत नाही.

रंगाबाबत माझे मत ठाम आहे. छायाचित्र रॉ स्वरूपात (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) घ्यावे आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) स्वयंचलित न ठेवता सुमारे ५,००० केल्विनवर स्थिर ठेवावा. पहाटेपूर्वीची निळाई हा कॅमेऱ्याचा दोष नाही, ती खरी आहे. सूर्य क्षितिजाखाली असताना त्याचे किरण वातावरणाच्या वरच्या थरांतून फार लांबचा तिरका प्रवास करतात आणि तिथला ओझोन त्यांतला पिवळा-नारिंगी भाग शोषून घेतो. संधिप्रकाशातल्या माथ्यावरच्या आकाशाची निळाई मुख्यतः या ओझोनमुळे असते, हे १९५३ मध्ये एडवर्ड हल्बर्ट या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने दाखवून दिले. स्वयंचलित व्हाइट बॅलन्स ती निळाई पुसू पाहतो आणि तळे राखाडी, निर्जीव दिसू लागते. उलट बाजूचा मोहही टाळावा: घरी बसून रंग इतका चढवू नये की शिखराचा गुलाबी माथा सणाच्या रोषणाईसारखा दिसावा. मंद प्रकाशात डोळा रंग कमी पाहतो आणि कॅमेरा आपल्यापेक्षा जास्त पाहतो. त्याने नोंदवले तेवढे पुष्कळ असते.

फिल्टरबद्दल: पोलरायझर (पृष्ठभागावरची चमक कमी करणारा फिल्टर) घरी ठेवला तरी चालेल. पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांच्या कोनात तो प्रतिबिंब जवळजवळ पुसून टाकतो, म्हणजे आपण ज्यासाठी तिथे गेलो तेच घालवतो, आणि वर दीड-दोन स्टॉप प्रकाशही खातो. उथळ पाण्यातले दगड दाखवायचे असतील तर दिवसा त्याचा उपयोग आहे. ग्रॅज्युएटेड फिल्टर (आकाश गडद करण्यासाठी ज्याचा फक्त वरचा भाग गडद असतो असा) घ्यायचा असल्यास सौम्य सीमेचा आणि फार तर दोन स्टॉपचा घ्यावा. तीन स्टॉपचा फिल्टर लावला की आकाश त्याच्या प्रतिबिंबापेक्षा गडद होते आणि असे कोणत्याही तळ्यावर कधीच घडत नाही. पाण्याला जेवढा प्रकाश मिळतो त्याहून अधिक ते परत देऊ शकत नाही. पाहणाऱ्याला हा नियम माहीत नसला, तरी छायाचित्रात काहीतरी खोटे आहे हे त्याला जाणवते. माझी स्वतःची पसंती फिल्टरपेक्षा काही सेकंदांच्या आत घेतलेल्या दोन एक्स्पोजरना आहे, एक आकाशासाठी आणि एक पाण्यासाठी. ती जोडतानाही प्रतिबिंब मूळ दृश्यापेक्षा किमान एक स्टॉप गडद राहील हे कटाक्षाने पाहावे.

खगोलीय संधिप्रकाशाच्या आधी, म्हणजे साडेचारपर्यंत, पोहोचता आले आणि चंद्र नसला, तर ताऱ्यांचीही छायाचित्रे मिळतील. त्या वेळी मृग नक्षत्र दक्षिणेला उंच आणि व्याधाचा तारा त्याच्या डावीकडे खाली असतो. ताऱ्यांसाठी एफ २.८, आयएसओ ३२०० आणि २० मिलिमीटरवर १५ ते २० सेकंद ठीक आहेत. त्याहून लांब गेल्यास तारे रेघा होतात. उंचावरच्या ताऱ्यांचे प्रतिबिंब फार मंद येते, कारण तिथे पाणी जेमतेम दोन ते सहा टक्के प्रकाश परत देते. क्षितिजाजवळचे तारे पाण्यात पुष्कळ चांगले उमटतात. पूर्वेला डोंगरामागून वर तिरका चढलेला फिकट उजेडाचा शंकू दिसला, तर पहाट झाली असे समजून घाई करू नये. ग्रह ज्या पातळीत सूर्याभोवती फिरतात, त्या पातळीतल्या धुळीवरून उसळलेले ते ऊन असते आणि आपल्या गोलार्धात ते या ऋतूतच पहाटे सर्वांत चांगले दिसते. तारीख बदलणे शक्य असेल तर कालनिर्णयात तिथी पाहावी. ताऱ्यांसाठी अमावास्येच्या आसपासचे दिवस. मावळतीचा चंद्र गुलाबी पट्टीत हवा असेल, तर पौर्णिमेनंतरची दुसरी किंवा तिसरी पहाट निवडावी, कारण पौर्णिमेच्याच पहाटे चंद्र फार खाली असतो आणि पश्चिमेची रांग त्याला आधीच गिळून टाकते.

थंडीची तयारी मोजकी पण पक्की हवी. सप्टेंबरच्या अखेरीस रात्री तापमान शून्याखाली जाते. जादा बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात ठेवाव्यात आणि कॅमेऱ्यातली संपली असे वाटले तर तीही खिशात ठेवून ऊब द्यावी. बरेचदा ती पुन्हा काही काळ चालते. लेन्सची पुढची काच उघड्या आकाशाकडे उष्णता सोडून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते आणि तिच्यावर दव किंवा हिमकण धरतात. पॉवर बँकेवर चालणारी ऊब देणारी पट्टी लेन्सभोवती आरंभापासूनच बांधून ठेवावी. काच एकदा धूसर झाली की ती पुसण्यात दहा मिनिटे जातात. मागच्या पडद्याजवळ वाकताना श्वास बाजूला सोडावा. परतल्यावर तंबूत शिरण्यापूर्वी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करावा आणि तो तंबूच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये.

उंचीचा विषय मात्र गांभीर्याने घ्यावा. तळे सुमारे ४,३०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून मनालीहून निघून त्याच दिवशी चंद्रताल गाठण्याचा मोह वाढला आहे. दोन हजार मीटरवरून एका दिवसात चार हजारांवर जाऊन पहाटे चारला उठणे हे छायाचित्रासाठी वाईट आणि जिवासाठी धोक्याचे आहे. किन्नौर आणि काझामार्गे चढत येऊन, वाटेत साडेतीन हजार मीटरच्या आसपास दोन-तीन रात्री काढून, मग कुंझुम ओलांडून तळ्याकडे उतरण्याचा आपला बेत योग्य आहे. तो बदलू नये. रात्री डोकेदुखी, मळमळ किंवा तोल जाणे यांपैकी काही जाणवले, तर पहाटेचा विचार सोडून द्यावा आणि खाली उतरावे. सप्टेंबरच्या शेवटी बर्फ पडून कुंझुमचा रस्ता अडू शकतो, म्हणून परतीच्या तिकिटापूर्वी दोन दिवस मोकळे असावेत. ते मिळाले, तर कदाचित दुसरी पहाटही मिळेल.

चंद्रताल नोव्हेंबर २००५ पासून रामसर यादीतली (पाणथळ जागांच्या संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय करारातली) पाणथळ जागा आहे. तळ्याच्या काठी मुक्कामाला परवानगी नाही. तंबू काही किलोमीटर अलीकडे असतात आणि वाहनतळापासून पुढे चालावे लागते. त्यामुळे तंबूतून साडेतीन-पावणेचारला निघावे, आदल्या दिवशी वाट पायाखालून घालावी, सोबत एकजण असावा आणि हेडलॅम्पचा लाल दिवा वापरावा. वेगळा कोन मिळावा म्हणून पाण्यात उतरू नये. एक तर त्या थंडीत भिजलेले पाय दोन तास बधिर करतात, दुसरे म्हणजे तळाचा गाळ ढवळला की आपल्याच पुढ्यातले ते मोलाचे दोन-चार मीटर पाणी गढूळ होते आणि शेजाऱ्याचे प्रतिबिंबही मोडते. चक्रवाकांची जोडी पाण्यावर असली, तर त्यांना उठवू नये. त्यांच्या मागे उमटणारी तरंगांची पाचर प्रतिबिंब चिरत जाते खरी, पण मिनिटभरात पाणी पुन्हा निवळते आणि मला विचाराल तर ती पाचर असलेले छायाचित्रही घ्यावे.

लेन्स दोन्ही न्याव्यात. १६-३५ ने सुरुवात करावी, पण शिखरांवर तांबूस रंग चढला की ट्रायपॉड न हलवता ७०-२०० लावावी. रुंद लेन्समध्ये शिखरे लहान होतात आणि रंगलेला माथा चौकटीचा विसावा भागही व्यापत नाही. लांब लेन्सने केवळ माथा आणि पाण्यातले त्याचे गडद रूप वेगवेगळे किंवा उभ्या पॅनोरमात घेता येते. पॅनोरमा घेताना सर्व चौकटी अर्ध्या-पाऊण मिनिटात उरकाव्यात, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या चौकटीत प्रकाशाचा फरक उघड दिसतो.

निघण्यापूर्वी सराव करायचा असेल, तर भंडारदऱ्याचा जलाशय चांगला आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ढगांमुळे तिथे रंग मिळण्याची शाश्वती नाही, परंतु सरावासाठी रंगांची गरजही नाही. अंधारात हाताने फोकस लावणे, हातमोजे घालून बटणे सापडणे, न पाहता लेन्स बदलणे, दर तीन मिनिटांनी हिस्टोग्राम पाहून एक्स्पोजर एक स्टॉप उतरवत जाणे आणि काठावर बसून-उठून समोरच्या डोंगराचे प्रतिबिंब कसे बदलते ते पाहणे, एवढे तिथे एका पहाटेत होते. भंडारदऱ्याची छायाचित्रे रॉ स्वरूपात जपून ठेवावीत आणि चंद्रतालला निघण्यापूर्वी ती संगणकाच्या मोठ्या पडद्यावर शंभर टक्के आकारात पाहून घ्यावीत. फोकस आणि एक्स्पोजर यांपैकी काय अजून चुकते आहे ते तिथेच कळेल.